आण, बस, दे

तर मंडळी, सासूबाईंचं शिसवी लाटणं मी सुताराकडून कापून आणलं आणि कुत्रीला दिलं, ही बातमी नाशिकपर्यंत पोचली आहे. वन्संचा फोन आला. "वहिनी, आईचं लाटणं? कुत्रीला?" मी म्हटलं, हो. गॅसवर भाजी होती, त्यामुळे फोनवर एवढंच बोलता आलं. म्हणून आता सविस्तर लिहिते. वाचून झाल्यावर रागवायचं असेल तर खुशाल रागवा.

ठकी आमच्याकडे आली २०२३ च्या पावसाळ्यात. साताऱ्यात पाऊस एकदा लागला की लागतो. अशाच एका संध्याकाळी फाटकाजवळच्या विटांच्या ढिगाआड एक पिल्लू कुडकुडत बसलेलं ह्यांना दिसलं. "एक रात्र राहू दे," असं ह्यांनीच म्हटलं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे सगळ्यांनी ते माझंच खूळ ठरवलं. नाव नातीनं ठेवलं. आमच्या लहानपणी लाकडी बाहुलीला ठकी म्हणत, माझ्या आईकडे एक होती, नाक झिजलेली, ती गोष्ट मी तिला सांगितली होती. ठक या शब्दाचा दुसरा अर्थ तेव्हा कुणाच्याच डोक्यात आला नाही.

तो सहा महिन्यांत आला. चपला, पायपुसणं, गच्चीत वाळत घातलेल्या कुरडया, ह्यांचा मोजा (नेहमी एकच, जोडी कधी नाही). बरं, चोरून लपून बसेल तर नाव नाही. वस्तू तोंडात घेऊन अगदी समोर येऊन उभी राहायची. आपण एक पाऊल पुढे टाकलं की ती दोन पावलं मागे. आपण धावलो की ती अंगणाला तीन प्रदक्षिणा. शेजारपाजारच्यांना करमणूक होती. मलाही सुरुवातीला हसू यायचं, खोटं कशाला बोलू.

२०२४ च्या मे महिन्यात मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडं सुट्टीला आली होती. दुपारी हे झोपताना कानाचं यंत्र काढून उशाशी ठेवतात. ते ठकीनं उचललं. यंत्र महागाचं, शिवाय आत बटणाएवढा सेल, तो गिळला तर काय घ्या! हे केरसुणी घेऊन मागे, मुलगा दुसऱ्या दारानं पुढे, मी ओरडतेय. ठकी दिवाणाखाली भिंतीला टेकून बसली. आमचा नातू, तेव्हा चौथीत होता, पालथा पडून आत सरपटला आणि यंत्र घ्यायला त्यानं हात घातला. ती आधी गुरगुरली होती. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं होतं, पण कुणी ऐकलं म्हणून थांबलं नाही.

दात लागला. मनगटाशी, फार खोल नाही, पण रक्त आलं. ठकीला रेबीजची लस दिलेली होती, तरी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुतली आणि डॉक्टरांनी पोराला इंजेक्शनांचा कोर्स लावला. ते योग्यच होतं. रात्री मुलगा मला म्हणाला, आवाज न चढवता, "आई, दिवाळीला आम्ही येऊ तेव्हा ती घरात नको." मी वाद घातला नाही. त्याच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं. वयात आलेली गावठी कुत्री कोण घेणार? तिला परत विटांच्या ढिगाआड सोडायची, याचाच अर्थ तो होता, आणि ते त्यालाही माहीत होतं, मलाही.

दिवाळीपर्यंत पाच महिने होते.

साताऱ्याला एक सोय आहे. इथे दर दोन घरांआड कुणीतरी फौजेतलं निघतं. आमच्या दूधवाल्याचे एक काका सैन्यात कुत्र्यांबरोबर काम करून निवृत्त झालेले, त्यांना मी निरोप पाठवला. हवालदारसाहेब आले, पडवीत बसले, चहा घेतला, ठकीकडे बघितलंसुद्धा नाही. (हे मुद्दाम असतं, हे मला नंतर कळलं.) सगळी हकीगत ऐकून त्यांनी एकच विचारलं, "बाई, तिनं वस्तू आणून दिली तर तुम्ही तिला काय देता?"

मी म्हटलं, "काय देता म्हणजे? वस्तू आमचीच आहे."

"ते तुम्हाला माहीत. तिला काय माहीत? ती जवळ येते, तुम्ही हिसकावून घेता, वर ओरडता. चार वेळा असं झालं तर पाचव्या वेळी ती कशाला जवळ येईल?"

एवढं साधं होतं ते. पण पडवीत बसून मला एकदम घाम फुटला, आणि त्याचं कारण ठकी नव्हती. ते पुढे सांगते.

हवालदारसाहेबांनी सुचवलं की नुसती चोरी बंद करायला जाऊ नका, आणून देणं हेच तिचं काम करून टाका, आणि नीट, शिस्तीत करा. त्यासाठी डंबेल लागतं. लाकडाचा दांडू, दोन्ही टोकांना जाड ठोकळे. ठोकळ्यांमुळे दांडू जमिनीपासून उचललेला राहतो आणि कुत्र्याचा खालचा जबडा त्याच्याखाली जातो. ठोकळे चौकोनी असले तर ते घरंगळत नाही. आणि लाकूडच का, तर धातू दाताला गार लागतो, बऱ्याच कुत्र्यांना तो तोंडात धरवत नाही, आणि चिंधी किंवा दोर दिला की झिंजाडून फाडायची बुद्धी होते. तर ते लाटणं! ते मधून चिरलं होतं, वन्सं, पोळीला वळ उठायचे. सुतारानं चांगला भाग ठेवून टोकांना ठोकळे बसवले आणि चाळीस रुपये घेतले.

आता ही विद्या मूळची कुणाची, हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना. मास्तरकीची सवय. भाच्यानं कॅरेन प्रायर या बाईंचं १९८४ सालचं एक इंग्रजी पुस्तक पाठवलं, 'डोन्ट शूट द डॉग'. माझं बीए मराठी माध्यमातलं, त्यामुळे डिक्शनरी मांडीवर घेऊन दिवसाला चार पानं. बाई मुळात हवाईमध्ये डॉल्फिन शिकवायच्या. डॉल्फिनला दोरी बांधता येत नाही की छडी मारता येत नाही, तो नुसता पोहत लांब जातो, तेव्हा त्याला गोडीनंच शिकवावं लागतं. आणि अमेरिकेतल्या आज्ञापालनाच्या स्पर्धांचं म्हणाल तर, १९३३ साली न्यूयॉर्क राज्यात माउंट किस्को इथे हेलेन व्हाइटहाउस वॉकर यांनी पहिली भरवली, आठ कुत्री होती. बाईंकडे पूडल होते आणि ते नुसते शोभेचे नाहीत, त्यांना अक्कल आहे, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. मला हे फार आवडलं. गावठीबद्दल लोक जे बोलतात तेच की हे!

अशा स्पर्धेत वस्तू आणण्याचा प्रकार कसा असतो, तर कुत्रं आपल्या डाव्या पायाशी बसलेलं. आपण डंबेल फेकायचं. त्यानं हलायचं नाही. आज्ञा झाली की सरळ जायचं, उचलायचं, सरळ परत यायचं, समोर आपल्याला नीट तोंड करून बसायचं, इतकं जवळ की आपल्याला पुढे पाऊल टाकायला लागू नये. तोंडातलं चघळायचं नाही, टाकायचं नाही. 'दे' म्हटलं की सोडायचं. मग वळसा घेऊन पुन्हा डाव्या पायाशी. पाहायला मिनिटभराचं काम.

मी छत्तीस वर्षं शिकवलं. माझ्या हिशेबानं सुरुवात सुरुवातीपासून. आधी फेकायचं, मग धावायला लावायचं. हवालदारसाहेब म्हणाले, नाही, उलटं. शेवट आधी शिकवा. आधी 'दे'. ते पक्कं झालं की 'बस आणि धर'. मग एक पाऊल अंतरावरून आणणं, मग दहा, आणि फेकणं सगळ्यात शेवटी. म्हणजे कुत्रं नेहमी नव्या, अवघड गोष्टीकडून येत येत ओळखीच्या, सोप्या गोष्टीकडे जातं. त्या पुस्तकातही हेच सांगितलं आहे. शेवटी बक्षीस आहे हे त्याला आधीपासून ठाऊक असतं, त्यामुळे पावलं घरच्या वाटेला लागल्यासारखी पडतात.

पूर्वी हे कसं शिकवत तेही त्यांनी सांगितलं. कान पिळायचा. कळवळून तोंड उघडलं की डंबेल आत सारायचं आणि कान सोडायचा. तोंडात लाकूड असलं की दुखायचं थांबतं, एवढं कुत्र्याला कळायचं. "येतं त्यानं पण," ते म्हणाले, "पण मग ते हुकूम म्हणून आणतं, खुशीनं नाही." मी कपबशा गोळा करायला उठले. कान पिळण्यातला माझा अनुभव त्यांच्यापेक्षा दांडगा असेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मुलांना मारायला बंदी आली, तोवर मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती.

पण घाम फुटला तो कानांमुळे नाही. कान सगळेच पिळायचे, आणि मुलं ते विसरतात किंवा विसरल्यासारखं करतात. मला आठवला तो सातवीतला एक मुलगा. कोरेगावच्या बाजूला मी नोकरीला होते तेव्हाचा, ऐंशीच्या दशकातला. नाव लिहीत नाही. निबंध लिहायचा वेड्यासारखा. जूनमध्ये तास संपायच्या आधी वही घेऊन टेबलापाशी हजर, "बाई, बघा ना." मी बघायचे. आणि लाल पेन उघडायचे. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं, परिच्छेद. मला वाटायचं, ह्याच्यात गुण आहे, ह्याच्यावर जास्त मेहनत घेतली पाहिजे. इतरांच्या वहीत पाच खुणा, तर ह्याच्या वहीत पन्नास. ऑगस्टमध्ये तो वही टेबलावर ठेवून मागे जाऊन उभा राहायला लागला. दिवाळीनंतर वही रोज घरी विसरायला लागला. विसराळूपणाबद्दल मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं.

पुष्कळ वर्षांनी एसटी स्टँडवर भेटला. वाकून नमस्कार केला, चहा पाजला, चांगली नोकरी आहे. बोलता बोलता हसत म्हणाला, "बाई, तुमच्याकडून वही परत आली की माझं अक्षरच दिसायचं नाही." मीही हसले. पुढे काही लिहितोस का, असं विचारलं, तर म्हणाला, "छे हो, वेळ कुठाय." मला ते तेव्हा लागलं नव्हतं. लागलं ते पडवीत, ठकीपुढे.

असो. तर 'दे'.

पहिले दहा दिवस मी काहीच शिकवलं नाही, फक्त देवघेव केली. ठकीच्या तोंडात जे असेल, मग ते वाळकं पान का असेना, ते तिनं जवळ आणलं की भाकरीचा फुटाण्याएवढा तुकडा द्यायचा, वस्तू घ्यायची, बघायची, "अरे वा" म्हणायचं आणि, हे महत्त्वाचं, जी वस्तू तिच्याकडे राहिली तरी चालेल ती तिला परत द्यायची. ह्यांना हे अजिबात पटलं नाही. "चोराला मुद्देमाल परत?" पण चौथ्या दिवशी ठकी ह्यांचा मोजा घेऊन आली, आणि पहिल्यांदाच मागे सरकली नाही. मी मोजा घेतला, पनीर दिलं, आणि न्हाणीघरात जाऊन डोळे पुसले.

मग शब्द ठरवले. 'ये' आणि 'दे' एकसारखे ऐकू येतात, त्यामुळे ती गोंधळायची. माणसाला अर्थावरून फरक कळतो, तिला नुसता आवाज. म्हणून 'ये' बंद, 'इकडे' सुरू. थांब, आण, बस, दे. घरातल्या सगळ्यांनी हेच शब्द वापरायचे, असं मी फळ्यावर लिहावं तसं फ्रिजवर लिहून लावलं. हे अजूनही "सोड गं बाई" म्हणतात. ठकी त्यांच्यापुरतं तेही शिकली आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो 'धर'नं. लाटणं तोंडात घ्यायला ती आठवड्यात शिकली, पण घेतलं की चघळायची, कराकरा. मी "नाही नाही" करत राहिले आणि ती जास्तच चघळायला लागली. हवालदारसाहेब आले, पाच मिनिटं बघून म्हणाले, "तुम्ही फार वेळ धरायला लावता. तिला कळत नाही, संपलं कधी." मग मोजून सुरुवात केली. एक आकडा शांत धरलं की लगेच 'दे' आणि खाऊ. चघळायच्या आतच. मग दोन आकडे, मग तीन. पाचावर ती चुकली की पुन्हा दोनावर यायचं, रागवायचं नाही. तिचं चुकणं म्हणजे माझी घाई, असा हिशेब. पंधरा आकड्यांपर्यंत पोचायला गणपती आले.

मग नवंच. माझा हात पुढे आला की ती लाटणं खाली टाकायची. म्हणजे हाताची भीती गेली, पण आता हात म्हणजेच खाऊ, मग लाकूड कशाला धरा! तेव्हा नुसता हात लावायचा, घ्यायचं नाही, हात मागे घ्यायचा. तिनं धरून ठेवलं तर खाऊ. आठ-दहा दिवसांत तिला कळलं की सोडायचं ते शब्दावर, हातावर नाही.

समोर सरळ बसण्यासाठी दोन पाट आडवे उभे करून त्यांच्यामध्ये गल्ली केली. ती गल्लीतून आली की वाकडी बसूच शकत नाही. पण ती गल्लीच्या तोंडाशी थांबायची. का, तर मी गुडघ्यांमुळे पुढे वाकून हात टेकून उभी असायचे. वरून वाकलेला माणूस कुत्र्याला अंगावर येतोय असं वाटतं. मी स्टुलावर ताठ बसायला लागले आणि प्रश्न मिटला. छत्तीस वर्षं मी मुलांच्या बाकांवर अशीच वाकून उभी असायचे, वहीवर सावली पडेल अशी.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. लॅब्रॅडॉर असता तर हे सगळं निम्म्या वेळात झालं असतं. त्यांचे पूर्वज न्यूफाउंडलंडमधल्या कोळ्यांबरोबर पाण्यात उतरायचे, पुढे इंग्लंडात शिकारीतले पक्षी उचलून आणण्यासाठी त्यांची पैदास झाली, न फाडता, मऊ तोंडानं. ठकीच्या पूर्वजांनी जे मिळेल ते घेऊन पळून जाणं हेच केलं, आणि म्हणूनच ठकी जन्माला आली. तिच्याकडून हे मागणं म्हणजे तिच्या सगळ्या खानदानाच्या विरुद्ध मागणं होतं.

नवरात्रात पहिल्यांदा लाटणं फेकलं. ती थांबली, धावली, उचललं, आली, बसली. किंचित डावीकडे तिरकी. पंधरा आकडे धरलं. 'दे' म्हटल्यावर दिलं. पडवीत हवालदारसाहेबांनी फक्त मान हलवली. मी लगेच म्हणणार होते, तिरकी बसली, पुन्हा. तोंडापर्यंत आलं होतं. मग पनीर दिलं आणि त्या दिवशीचा तास तिथेच संपवला.

मुलाला मी फोनवर काही सांगितलं नव्हतं. फक्त म्हटलं, दिवाळीला या, ती पहिला दिवस साखळीला बांधलेली असेल, मग तू ठरव. नातवाला मात्र व्हिडिओ कॉलवर रोज पाच मिनिटं शिकवत होते. हात पुढे नेऊन घ्यायचं नाही, मागे धावायचं नाही, बसायचं आणि वाट बघायची. तो म्हणाला, "आजी, आणि ती आलीच नाही तर?" मी म्हटलं, मग येईपर्यंत वाट बघायची, किंवा मला हाक मारायची.

दिवाळीला सगळे आले. वसुबारसेला ठकी साखळीला होती. धनत्रयोदशीला मुलानं स्वतः तिच्याकडून आठ वेळा लाटणं आणवलं आणि काही न बोलता साखळी खुंटीला टांगली. तरी संध्याकाळपर्यंत त्याची नजर तिच्यावरून हलली नव्हती.

अंगणात पोरांनी किल्ला केला होता. दगड, माती, वर अळीव पेरलेले, आणि मातीचे मावळे. नरकचतुर्दशीला सकाळी फराळाच्या वेळी ठकीनं किल्ल्याच्या बुरुजावरचा एक मावळा अलगद उचलला आणि अंगणाच्या मध्यावर उभी राहिली. अगदी जुन्या पवित्र्यात. मुलगा खुर्चीतून उठला. मी त्याच्या हातावर हात ठेवला. नातू चकलीची बशी बाजूला ठेवून पायरीवर बसला आणि म्हणाला, "ठकी, आण."

ती हलेना. माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. नातू काही बोलला नाही, हातही पुढे केला नाही. मी मनात आकडे मोजत होते, नऊवर ती चालायला लागली. वाकड्यातिकड्या वाटेनं, तुळशीला वळसा घालून, त्याच्यापुढे येऊन बसली. पार तिरकी, जवळजवळ पाठमोरी. त्यानं तळहात खाली धरला. "दे."

मावळ्याचा भाला मोडला होता आणि ढालीवर दाताची एक खूण होती. नातवानं तिला चकलीचा तुकडा दिला (तिखट होती, मी तेवढं ओरडले), मावळा उलटसुलट करून बघितला, "अरे वा" म्हणाला आणि पुन्हा बुरुजावर नेऊन ठेवला. मुलानं खुर्चीत बसून चहा मागितला.

लाटणं अजून पडवीत खिळ्याला टांगलेलं आहे, वन्सं. याल तेव्हा बघा. पोळ्या आता सूनबाईनं दिलेल्या सागवानी लाटण्यानं करते, ते जरा जड आहे, पण सवय होईल.